ग्रामसभेचा वनोपज-व्यवसाय उभा करताना

सामूहिक वनहक्क (गावाच्या जंगलाचा वापर आणि व्यवस्थापन करण्याचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या गावांना मदत करणारे कार्यकर्ते पुष्कळदा पहिल्याच बैठकीत मोहफुलांचे लाडू, बांबूचे कंदील किंवा जांभळाची भुकटी अशा वस्तूंचा प्रस्ताव मांडतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. जो माल आजही गावाबाहेर जातो, त्याचे मोजमाप, भाव आणि पैसे आधी ग्रामसभेच्या हाती आले पाहिजेत. ते जमल्यावरच यंत्र, वेष्टन आणि नाममुद्रेचा विचार करावा.

हक्कपत्र हाती असले म्हणजे विक्री सुरू होते असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) ठरवलेलेच होते; तरीही बांबू बाहेर नेण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला आणि त्यासाठी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार असा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देऊ शकते. म्हणून पहिले काम कागदाचे आहे: समितीच्या निवडीचा ठराव, परवान्याचे क्रमांकित पुस्तक, शिक्का, जावक नोंदवही आणि ग्रामसभेच्या नावाचे बँक खाते. ठरावाच्या बैठकीला निम्म्याहून कमी सदस्य नकोत आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात. गणपूर्ती नसताना केलेला ठराव पुढे व्यापाऱ्याशी वाद झाला की पहिल्यांदा तोच पाडला जातो.

त्यानंतर एक पूर्ण वर्षाचा हिशेब मांडावा. कोणते घर काय गोळा करते, कोणत्या महिन्यात, किती, कोणत्या काट्यावर मोजून आणि कोणाला विकते, मोबदला रोख मिळतो की मीठ-तेलाच्या रूपाने, हे घरोघरी जाऊन विचारावे आणि विशेषतः बायकांना विचारावे, कारण मोह, चारोळी, टोळी (मोहाच्या बिया) आणि डिंक यांचा खरा तपशील त्यांच्याकडेच असतो. या नोंदीतून बहुधा एक-दोनच वस्तू पुढे येतात, ज्यांचे प्रमाण मोठे आहे पण गावाच्या पदरात फार थोडे पडते. सुरुवात त्यांच्यापासून करावी.

किती विकता येईल याच्या आधी किती काढता येईल हे ठरवावे लागते. मानवेल बांबूच्या बेटातील चालू वर्षाच्या कोवळ्या काठ्या तोडायच्या नाहीत, पावसाळ्यात कोंब फुटत असताना तोड पूर्ण बंद ठेवायची आणि बेटांची तोड काही वर्षांच्या फेऱ्यांत वाटून घ्यायची, हे नियम ग्रामसभेने स्वतःच्या व्यवस्थापन आराखड्यात लिहून ठेवावेत. बांबूला अनेक दशकांनी एकदा फुलोरा येतो आणि मग मोठ्या क्षेत्रातला बांबू एकदमच वाळतो. त्यामुळे सगळे उत्पन्न एकट्या बांबूवर अवलंबून ठेवणे धोक्याचे. काय विकायचे नाही, हेही याच आराखड्यात ठरते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने झुडपांची छाटणी आणि त्यासाठी लावल्या जाणाऱ्या आगी जंगलाला मारक आहेत म्हणून तेंदूपत्ता तोडणेच सोडून दिले आणि बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला हे परवडेल असे नाही, पण हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेसमोर मांडला जावा.

तेंदू विकायचाच असेल, तर खरी कसोटी करारात आहे. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या गावांत) ग्रामसभेला विक्री वनविभागाकडे सोपवता येते किंवा स्वतः करता येते. स्वतः करायची असल्यास हंगाम एप्रिल-मेमध्ये असला तरी जाहिरात, निविदा आणि झुडपांची छाटणी यांची तयारी हिवाळ्यातच सुरू करावी. मोजणी सत्तर पानांचा पुडा आणि हजार पुड्यांची गोणी अशी असते, हे करारात लिहावे, कारण फळीवर (तोडलेली पाने जमा करून वाळवण्याच्या जागेवर) पुडे नाकारले जातात तेव्हा भांडण नेमके यावरूनच होते. अनामत रक्कम निविदेबरोबर घ्यावी, उरलेली रक्कम हप्त्यांत घ्यावी आणि शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्याशिवाय माल गोदामातून हलू देऊ नये. फळीवर वाळत घातलेला पाला अवकाळी पावसात भिजला तर तोटा कोणाचा, हेही आधीच ठरवावे. ठेकेदार भाव चढा सांगून पैसे थकवतात असा अनेक गावांचा अनुभव असल्यामुळे सर्वांत चढ्या बोलीपेक्षा पूर्वी वेळेवर पैसे दिलेल्या व्यापाऱ्याची बोली मला अधिक मोलाची वाटते. लहान गावाने एकट्याने निविदा काढू नये. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी महाग्रामसभा (अनेक ग्रामसभांचा संघ) स्थापून जसा एकत्र सौदा केला, तसा आसपासच्या गावांनी करावा.

पैसे येण्याआधी वाटपाचा ठराव हवा, नंतरचा ठराव भांडणातून होतो. उदाहरणादाखल, एका गोणीमागे ठेकेदाराने १०,००० रुपये द्यायचे ठरले आणि त्यातील ७,००० रुपये तोडणाऱ्या कुटुंबाला, १,००० रुपये फळी, मुन्शी (फळीवर मोजणी आणि नोंद ठेवणारा) आणि वाहतुकीला दिले, तर उरलेले २,००० रुपये ग्रामकोषात जातात. दोनशे गोण्यांवर हे चार लाख होतात. या चार लाखांतून जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे), गस्त आणि रोपवाटिका यांचा खर्च निघावा आणि पुढच्या हंगामाचे खेळते भांडवल बाजूला राहावे, यासाठी ग्रामकोषाचे खाते व्यवसायाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे. पॅन, जीएसटी आणि उगमस्थानी करकपात यांबाबत लेखापालाचा सल्ला हंगामाआधी घ्यावा, नोटीस आल्यावर नव्हे.

प्रक्रियेकडे वळताना आधी सर्वांत स्वस्त मूल्यवृद्धी करावी, म्हणजे प्रतवारी आणि पॅकिंग. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाने आपल्या जंगलातील सीताफळे निवडून, खोक्यांत भरून, स्वतःच्या नावाने शहरात विकली. त्यासाठी गर काढण्याच्या कारखान्याची गरज पडली नाही. यंत्रसामग्री हवीच असेल तर वनधन विकास केंद्राची योजना पाहावी, जिच्यात साधारण पंधरा बचत गटांच्या तीनशे सदस्यांच्या समूहाला पंधरा लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मात्र अर्ज भरण्यापूर्वी महिलांच्या श्रमाची मजुरी, वीज, दुरुस्ती आणि खराब होणारा माल धरून किमतीचा हिशेब लिहून काढावा. मजुरी शून्य धरली की कोणतीही वस्तू फायद्यात दिसते.

मदत करणाऱ्या संस्थेने खात्यावर स्वतःची सही ठेवू नये आणि व्यापाऱ्यांशी एकट्याने बोलणी करू नयेत. हिशेब गावातील दोन तरुणांनी, शक्यतो एका मुलीने आणि एका मुलाने, पहिल्या दिवसापासून लिहावा आणि दर महिन्याच्या बैठकीत तो मोठ्याने वाचून दाखवावा. दुसऱ्या हंगामात निविदा उघडण्याच्या बैठकीला कार्यकर्त्याने मुद्दाम न जाणे बरे; त्या बैठकीत काय अडले ते कळले की पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाचा विषय आपोआप ठरतो.