छातीतले दडपण आणि श्रम यांचे नाते: करोनरी धमनीचा आजार कसा ओळखावा

हृदयाच्या कप्प्यांतून अखंड रक्त वाहत असले, तरी त्याच्या स्नायूला प्राणवायू मिळतो तो महाधमनीच्या मुळाशी निघणाऱ्या डाव्या आणि उजव्या करोनरी धमन्यांमधून. आपण स्वस्थ बसलेले असतानाही हा स्नायू त्याच्याकडे आलेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू शोषून घेतो. त्यामुळे श्रमात गरज वाढली की रक्तप्रवाह वाढण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. एवढे नीट ध्यानात घेतले, तर या आजाराची बरीचशी लक्षणे उलगडू लागतात.

धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वाढलेले एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल यांमुळे धमनीच्या अस्तराखाली वर्षानुवर्षे चरबीयुक्त थर साचत जातो. मार्ग साधारण ७० टक्के अरुंद झाला की विश्रांतीत पुरणारे रक्त जिना चढताना अपुरे पडते. म्हणूनच पडून काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल येऊ शकतो, आणि केवळ त्या कागदावर विसंबून श्रमात होणाऱ्या त्रासाकडे दुर्लक्ष करणे मला धोक्याचे वाटते.

त्रास होत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी त्याची नोंद करावी. किती चालल्यावर किंवा कितव्या मजल्यावर त्रास सुरू होतो, थांबल्यावर किती मिनिटांत ओसरतो, भरपेट जेवणानंतर किंवा थंडीत तो लवकर येतो का, हे लिहावे. छाती आवळल्यासारखी वाटणे, त्यावर ओझे ठेवल्यासारखे वाटणे आणि ती कळ जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात जाणे हे अंजायनाचे, म्हणजे हृदयाला रक्त अपुरे पडल्याने होणाऱ्या त्रासाचे, नेहमीचे रूप आहे. मधुमेही, वयस्क आणि अनेक स्त्रिया यांच्यात मात्र छातीत न दुखता नुसती धाप लागते किंवा कधी नव्हे इतका थकवा येतो. अशा नोंदींवरून स्ट्रेस टेस्ट (श्रम करवून हृदयाची तपासणी) करावी, सीटी अँजिओग्राफी (धमन्यांचे सीटी स्कॅन) करावी की आणखी काही, हे डॉक्टरांना ठरवता येते.

श्रम आणि त्रास यांचे हे ठरलेले नाते बिघडले, म्हणजे कमी श्रमात किंवा बसल्या जागी दुखू लागले, तर ती धोक्याची खूण समजावी. साचलेल्या थराचे आवरण फाटून त्यावर रक्ताची गुठळी झाली की धमनी अचानक बंद पडू शकते. असा थर आधी फार मोठा असतोच असे नाही, त्यामुळे पूर्वी कसलाही त्रास नसलेल्यालाही हार्ट अटॅक येतो. रक्त पूर्ण थांबल्यावर साधारण अर्ध्या तासातच स्नायूपेशी मरू लागतात आणि त्या जागी पुढे आकुंचन न पावणारा व्रण उरतो. म्हणून विश्रांतीनंतरही दडपण काही मिनिटांत न ओसरल्यास, विशेषतः दरदरून घाम फुटला असल्यास, आम्लपित्त समजून वाट पाहत न बसता लगेच रुग्णवाहिका बोलवावी आणि स्वतः गाडी चालवू नये.

अँजिओप्लास्टीत, म्हणजे धमनी आतून रुंद करण्याच्या उपचारात, स्टेंट (बारीक जाळीदार नळी) बसवल्याने एक अरुंद जागा मोकळी होते, पण आजार इतर धमन्यांतही असू शकतो. म्हणून तंबाखू सोडणे, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन हे औषध घेणे पुढेही चालूच राहते. गुठळी रोखणाऱ्या गोळ्या बरे वाटले म्हणून किंवा दाताच्या उपचारासाठी परस्पर बंद करू नयेत, कारण नव्या स्टेंटमध्येच गुठळी होण्याचा धोका असतो; त्या कधी थांबवायच्या, हे हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारावे.