जुन्या इराणी घराविषयी लिहिताना या चुका टाळा

इराणी घरसंसार आलेलं मराठी लिखाण माझ्याकडे तपासायला येतं. कधी अनुवाद, कधी ऐतिहासिक कथा, कधी नाटकाच्या नेपथ्यासाठी सामानाची यादी. पंधरा वर्षं त्याच त्या चुका बघतेय, आणि बहुतेकींचं मूळ एकच आहे. शब्द ओळखीचा निघाला की लिहिणारा पुढे बघतच नाही. मेज, पडदा, चादर, गालिचा, तस्त... फारसी आपल्या बोलण्यात इतकी मुरलीय की तिथलं घरही आपल्याला माहीत आहे असं वाटायला लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान केलंय ते कुर्सीने. एका दिवाळी अंकासाठी काजार राजघराण्याच्या काळातल्या, म्हणजे साधारण 19व्या शतकातल्या, तेहरानची कथा मराठीत आणली होती. मुळात असं होतं की थंडी पडली, आजीने कुर्सी मांडली आणि भावंडं तिच्यात शिरून झोपली. अनुवादकाला हे विचित्र वाटलं. वाटायलाच हवं होतं. पण कोश उघडायच्या ऐवजी त्याने वाक्यच ‘दुरुस्त’ केलं: आजी खुर्चीत बसली, मुलं तिच्या पायाशी झोपली. चित्रकाराने कोरीव पाठीची खुर्ची काढली. पुढे कथेत त्याच कुर्सीवरून भांडण होतं, धाकट्या सुनेला दाराकडची बाजू मिळते म्हणून. खुर्चीला कसली दाराकडची बाजू? मग तो परिच्छेदच गाळला. कथेचा जीव त्यात होता. माझ्या हातात अंक आला तो छापून झाल्यावर.

कुर्सी म्हणजे आपल्या चौरंगाचा मोठा भाऊ, बुटकं चौकोनी लाकडी मेज. खाली जमिनीतल्या खळग्यात नाहीतर मंगलमध्ये, म्हणजे शेगडीत, राखेखाली निखारे. वरून चारही बाजूंना जमिनीला टेकेल एवढी जाड रजई, भोवती गाद्या आणि तक्के. माणसं रजईखाली पाय घालून बसतात. जेवण तिथेच, गप्पा तिथेच, रात्री झोपही तिथेच. वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शब-ए-यल्दाला, डाळिंबं आणि कलिंगड याच्यावरच मांडतात. दारापासून लांबची बाजू वडीलधाऱ्यांची. दाराकडून वारा येतो, म्हणून ती बाजू धाकट्यांच्या वाट्याला. इस्फहानला एका आजींच्या घरी मी कुर्सीत बसलेय. पाऊल रजईखाली सरकवलं की आधी घोट्यांना ऊब लागते, पाठ मात्र गारच राहते, म्हणून खांद्यावर शाल. निखारे अंगणात पूर्ण फुलल्याशिवाय त्या आत आणू देत नव्हत्या. अर्धवट पेटलेल्या कोळशाच्या वायूने बंद खोलीत माणसं झोपेतच गेलेली आहेत, आणि हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईला ठाऊक असतं.

बसायच्या खुर्चीला फारसीत ‘संदली’ म्हणतात. एवढं एक बघितलं असतं तरी तो परिच्छेद वाचला असता.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. लिखाणात वस्तू आली की वहीत तिच्यापुढे तीन गोष्टी लिहायच्या: दिवसा कुठे ठेवत, कोणाच्या मालकीची, कधीपासून घरात आली. वेळ जातो, जाऊ दे. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचं नंतर कधी येत नाही.

यातल्या पहिल्या प्रश्नाने अर्धं नेपथ्य सुधारतं. जुन्या इराणी घरात पलंग ठेवलेली झोपायची खोली किंवा टेबल मांडलेली जेवणाची खोली शोधू नका. एकाच खोलीत जमिनीवर सोफ्रे, म्हणजे जेवणाचं कापड, पसरलं की ती जेवणाची. ते झटकून घडी केलं, अंथरुणं सोडली की झोपायची. सकाळी अंथरुणं चादोरशबमध्ये, चौकड्यांच्या मोठ्या कापडात, बांधून भिंतीशी रचत, आणि दिवसा त्याच गाठोड्याला टेकून बसत. बारीकसारीक वस्तू भिंतीतल्या कोनाड्यांत, कपडे संदूकात. ‘मेज’ हा शब्द फारसी आहे म्हणून फारसी माणूस मेजावर जेवत होता असं होत नाही.

आता काही झटपट.

‘चादोर’ म्हणजे बायका बाहेर जाताना घेतात ते वस्त्र, किंवा तंबू. पलंगपोस नव्हे.

इराणचा राजा शाह अब्बासच्या (1588–1629) इस्फहानमध्ये सामोवर, म्हणजे चहाचं पाणी उकळायचं धातूचं भांडं, ठेवू नका. तिथे कॉफीखाने होते. सामोवर रशियातून 19व्या शतकात आला आणि चहा घरोघरी त्यानंतरच पोचला.

मुंबईचं पारशी घर हा जुन्या इराणचा नमुना नाही. त्या घराने गुजरातेत हजारावर वर्षं काढली आहेत. यझ्द-केरमानहून खूप नंतर आलेल्या इराण्यांच्या हॉटेलांतल्या लाकडी खुर्च्यासुद्धा युरोपच्या वळणाच्या.

लघुचित्रात दिसतो तो दरबार. त्यावरून विणकराचं घर उभं करू नका.

अंदरूनी म्हणजे जनानखाना नव्हे, तर घरच्यांचा आतला भाग. पाहुण्यांसाठीचा बाहेरचा भाग ती बीरूनी.

दुसरा मोठा घोळ मालकीचा. नवरीबरोबर आलेल्या सामानाला, जहीझला, सरसकट ‘हुंडा’ म्हणतात आणि अर्थ उलटा होतो. जहीझ सासरच्यांना दिलेलं नसतं. गालिचे, तांब्याची भांडी, आरसा, शमादान (मेणबत्त्या लावायची बैठक), अंथरुणं तबकांत ठेवून, हमालांच्या डोक्यावरून गल्लीतून वाजतगाजत सासरी नेत. पण त्याची यादी करत. तिला ‘सियाहे’ म्हणतात. सामान मिळाल्याची त्यावर सही होई, आणि वस्तू बायकोच्याच मालकीच्या राहत. मेहेर तर उलट दिशेने जाणारी रक्कम, नवऱ्याने बायकोला द्यायची. ती दिलेली नसली तर ते त्याच्यावरचं कर्ज, वारसांच्या वाटण्यांआधी फेडायचं. एका कथेत विधवा नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर पडते असं आलं होतं. मी लेखिकेला विचारलं, तिचा सियाहे कुठे गेला? तिने विचार केला आणि तो दिराने जाळला असा प्रसंग लिहिला. कथा कितीतरी पटीने घट्ट झाली. अशा याद्या आणि निकाहनामे बघायचे तर हार्वर्डचा ‘विमेन्स वर्ल्ड्स इन काजार इराण’ हा डिजिटल संग्रह उघडा. एक संध्याकाळ त्यात काढलेली कधीच वाया जात नाही.

आणि नेपथ्यवाल्यांना एक विनंती: तांब्याची पातेली आतून लाल दाखवू नका. तिथेही कल्हईवाला होता. त्याला ‘सफीदगर’ म्हणत, भांडं पांढरं करणारा.