फुफ्फुस दुसऱ्यांदा कोलॅप्स झालं: कुठलं ऑपरेशन, आणि सर्जनला काय विचारायचं

पहिल्यांदा फुफ्फुस कोलॅप्स होतं, म्हणजे त्याच्याभोवती हवा साचून ते दबतं, तेव्हा छातीत नळी टाकून, कधीकधी नुसतं लक्ष ठेवून घरी सोडतात आणि ते बरोबरच आहे, कारण साधारण तीनातल्या दोघांना ते परत होतच नाही. उरलेल्या एकाला होतं, आणि बहुतेक वेळा पहिल्या वर्षभरातच. मग ऑपरेशनचा विषय निघतो, घरात घबराट होते आणि सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, दुर्बिणीने करायचं की ओपन? माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आम्हीही तेच विचारत होतो. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण पहिला नाही. हे सगळं लिहितोय ते उंच, सडपातळ, तरुण मुलांच्या न्यूमोथोरॅक्सबद्दल (फुफ्फुस असं कोलॅप्स होण्याचं हे वैद्यकीय नाव), ज्यांचं फुफ्फुस एरवी ठणठणीत असतं. सीओपीडी (श्वासनलिकांचा जुनाट दम्यासारखा आजार) किंवा जुना टीबी असेल तर गणित बदलतं, ते खाली लिहिलंय.

ऑपरेशन कधी सुचवतात ते आधी बघा. त्याच बाजूला दुसऱ्यांदा झालं, एकदा एका बाजूला आणि नंतर दुसऱ्या बाजूला झालं, दोन्हीकडे एकदम झालं, हवेसोबत रक्तही साचलं, किंवा पेशंट पायलट वगैरे असेल तर. आणखी एक कारण म्हणजे गळती न थांबणं. नळी ज्या बाटलीत सोडलेली असते त्या पाण्याकडे नीट बघत जा. श्वासाबरोबर नळीतलं पाणी खालीवर होणं नॉर्मल आहे, पण खोकल्यावर किंवा बोलताना बुडबुडे येत असतील तर फुफ्फुसातून अजून हवा येतेय. तीन-पाच दिवस झाले तरी बुडबुडे थांबत नसतील तर थोरॅसिक म्हणजे छातीच्या सर्जनचं मत घ्या, वॉर्डात वाट बघत पडून राहू नका. आणि बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावायचा नाही, बाटली छातीच्या वर उचलायची नाही, हे घरातल्या प्रत्येक माणसाला सांगून ठेवा, कारण एक्सरेला नेताना नेमका हाच गोंधळ होतो.

आता मुख्य मुद्दा. ऑपरेशन एक असलं तरी त्यात निर्णय तीन असतात आणि सर्जनला ते तीन वेगवेगळे विचारायचे: आत कुठून जाणार, फुग्यांचं काय करणार, आणि आवरणाचं काय करणार.

फुगे म्हणजे फुफ्फुसाच्या टोकाला, वरच्या बाजूला आलेले पातळ भिंतीचे हवेचे फोड, सायकलच्या ट्यूबला येतो तसा फुगवटा. ते एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईने केलेल्या सीटी स्कॅनमध्ये, दिसतात. स्टेपलर लावून तेवढा तुकडा कापून काढतात, त्याला बुलेक्टॉमी म्हणतात. बहुतेकांना वाटतं की फुगा काढला म्हणजे काम झालं. पण फुफ्फुसावर दुसरीकडेही बारीक कमजोर जागा असू शकतात, स्टेपलच्या कडेला नवीन फुगे येऊ शकतात, म्हणून नुसती बुलेक्टॉमी केली तर परत होण्याचा धोका जास्त राहतो. म्हणून तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच आपण विचारत नाही.

फुफ्फुसावर एक आवरण असतं आणि छातीच्या भिंतीला आतून दुसरं. ही दोन एकमेकांना चिकटवून टाकली की मध्ये हवा साचायला जागाच उरत नाही, याला प्लुरोडेसिस म्हणतात. ते तीन प्रकारे करतात. पहिला प्रकार घासण्याचा: भिंतीकडचं आवरण खरखरीत पॅडने, बऱ्याचदा कॉटरीचं (विजेने जाळून रक्त थांबवायचं उपकरण) टोक साफ करायचा जो छोटा पॅड असतो त्यानेच, बारीक रक्त येईपर्यंत घासतात, मग ते भरताना दोन्ही आवरणं चिकटतात. दुखणं कमी, रक्तस्राव कमी, तरुण मुलांमध्ये सर्रास हेच करतात. पण किती नीट घासलं यावर रिझल्ट अवलंबून, त्यामुळे सर्जनचा अनुभव विचाराच. दुसरा प्रकार प्लुरेक्टॉमी, म्हणजे वरच्या भागातलं आवरण सोलूनच काढायचं. याने फुफ्फुस पक्कं चिकटतं, पण रक्तस्राव आणि दुखणं जास्त, आणि पुढेमागे त्याच बाजूला छातीचं दुसरं ऑपरेशन करायची वेळ आली तर सर्जनला आत शिरणं अवघड जातं.

तिसरा प्रकार टाल्क. ही निर्जंतुक केलेली मेडिकल पावडर असते, दुर्बिणीतून आत फवारतात. कल्पना जुनी आहे, कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांनी १९३५ मध्ये टाल्कने आवरणं चिकटवण्याची पद्धत मांडली. हेच बेथ्यून पुढे चीनमध्ये गेले, तिथेच वारले, आणि त्यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. टाल्क चिकटवतो उत्तम, खर्चही कमी. एक-दोन दिवस ताप येतो, छातीत दुखतं, ते अपेक्षितच असतं. मात्र टाल्कचे कण फार बारीक असतील तर ते रक्तात शिरून दोन्ही फुफ्फुसांना सूज येण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो, म्हणून बारीक कण काढून टाकलेला टाल्क वापरतात का हे स्पष्ट विचारा. शिवाय टाल्क आयुष्यभर आत राहतो आणि पुढे कधी पेट स्कॅन (कॅन्सर शोधायला करतात तो) केला तर तिथे उजळ ठिपके दिसून उगाच कॅन्सरची शंका येऊ शकते. युरोपात तरुणांनाही टाल्क देणारी सेंटर्स आहेत आणि त्यांचे रिझल्ट चांगले आहेत, तरी विशीतल्या मुलाला घासण्याचा पर्याय असताना पहिल्याच ऑपरेशनला टाल्क घालू नये असं मला ठामपणे वाटतं.

आता दुर्बीण की ओपन. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१० च्या गाइडलाइनमध्ये ओपननंतर परत होण्याचं प्रमाण साधारण १ टक्का आणि दुर्बिणीनंतर, म्हणजे व्हॅट्सनंतर, साधारण ५ टक्के धरलंय. २००७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एकत्रित अभ्यासातही दुर्बिणीनंतर धोका सुमारे चौपट दिसला होता. चौपट ऐकून घाबरायला होतं, पण चौपट कशाच्या ते बघा, शंभरात एकाच्या! त्या बदल्यात ओपनमध्ये बरगड्या फाकवतात, दुखणं जास्त, हॉस्पिटलमधला मुक्काम जास्त, कामावर परतायला उशीर. त्यामुळे पहिल्या ऑपरेशनला बहुतेक ठिकाणी दुर्बीणच निवडतात, आणि ज्याला परत झालेलं अजिबात परवडणार नाही, उदाहरणार्थ पायलट, त्याने ओपनचा विचार जरूर करावा. एका छेदातून की तीन छेदांतून यावर फार डोकं खपवू नका, ज्या सर्जनचा हात ज्यात बसलाय ते त्यांना करू द्या. छातीच्या त्या पट्ट्यात बधिरपणा किंवा चुरचुर मात्र दुर्बिणीनंतरही काही महिने राहू शकते, ते आधीच माहीत असलेलं बरं.

ऑपरेशन न करता नळीतूनच औषध सोडून चिकटवतात तेही आहे, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, टाल्कचं पाणी किंवा आपल्याकडे स्वस्तात मिळणारं बीटाडीन. यात परत होण्याचं प्रमाण ऑपरेशनपेक्षा बरंच जास्त, आणि दुखतं भरपूर, आधी पेनकिलर नीट दिलंच पाहिजे. हा मार्ग मुख्यतः ज्यांना भूल झेपणार नाही त्यांच्यासाठी, म्हणजे वयस्कर, सीओपीडीवाले, टीबीने फुफ्फुस खराब झालेले. ऑपरेशनच्या वेळी एक फुफ्फुस बंद ठेवून दुसऱ्यावरच श्वास चालवतात, आणि ते दुसरंच कमजोर असेल तर जोखीम वाढते. अशांमध्ये गळती बंद करायला पेशंटचंच रक्त काढून नळीतून सोडतात, ती पद्धतही विचारून बघा.

बाईला पाळीच्या आसपास, बहुतेकदा उजव्या बाजूला, परत परत होत असेल तर ते सर्जनला आवर्जून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर भलत्याच जागी वाढणं, असू शकतं, मग ऑपरेशनमध्ये छाती आणि पोटामधला पडदाही तपासावा लागतो आणि नंतर गायनॅकचे हार्मोन्सचे उपचार लागू शकतात. नुसता फुगा काढून भागत नाही. घरात आणखी कुणाला असं झालं असेल तर तेही सांगा.

पैशाचं बोलताना पॅकेजमध्ये स्टेपलरची किती कार्ट्रिज (पिनांचे भरलेले संच) धरली आहेत ते विचारा, बिल तिथेच फुगतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून ॲडमिट व्हायच्या आधी लिहून घ्या.

नंतर सिगरेट बंद, गांजाही बंद, यात तडजोड नाही. विमानप्रवास एक्सरे पूर्ण स्वच्छ झाल्यावर निदान सात दिवसांनी आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. तारकर्लीला मित्र स्कूबा करत असतील तर तुम्ही बोटीतच बसा, दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालेलं नसेल तर स्कूबा कायमचं बंद. आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कुठली बाजू आणि काय केलं ते त्यात स्पष्ट लिहून घ्या. पुन्हा कधी अचानक छातीत दुखून दम लागला तर सरळ कॅज्युअल्टीत जाऊन तो फोटो आधी दाखवायचा, कारण चिकटवलेल्या बाजूला अंदाजाने नळी घातली तर फुफ्फुसालाच इजा होऊ शकते, तिथे शक्य असेल तर आधी सीटी करून जागा ठरवावी लागते.