स्लोव्हाक अनेकवचन: भाषांतराच्या फाइलमध्ये या चुका टाळा

ॲपच्या स्लोव्हाक आवृत्तीत '५ सूबोरी' दिसलं, तर भाषांतरकाराला धारेवर धरण्याआधी कोड बघा. 'आकडा १ असेल तर एकवचन, नाहीतर अनेकवचन' ही अट मराठीला पुरते, स्लोव्हाकला नाही. तिथे फाइल म्हणजे सूबोर: १ सूबोर, २ ते ४ सूबोरी, ५ पासून पुढे सूबोरोव. शून्यही पाचाच्याच पंगतीत बसतं.

मग लोक रशियन किंवा पोलिशचं सूत्र (कोणत्या आकड्याला कोणतं रूप, हे ठरवणारी कोडमधली अट) उचलतात. रशियनमध्ये २१ ला एकवचन लागतं, पोलिशमध्ये २२ ला २ चंच रूप. स्लोव्हाकमध्ये २१, २२, ३४ सगळ्यांना सूबोरोवच. चाचणी दहापर्यंतच केली तर ही चूक सापडत नाही. उसनवारी करायचीच असेल तर चेकचं सूत्र घ्या, ते तंतोतंत जुळतं.

सर्वात जास्त घोळ होतो तो अँड्रॉइडच्या फाइलींत. तिथे रूपांना वन, फ्यू, मेनी, अदर अशी नावं आहेत. मेनी म्हणजे पुष्कळ, असं धरून पाच आणि पुढच्यांचं रूप तिथे टाकलं जातं. पण स्लोव्हाकमध्ये मेनी फक्त दशांशासाठी आहे (१,५ सूबोरू, म्हणजे दीड फाइल), पाचापासूनचे पूर्णांक अदरमध्ये जातात. पोलिशमध्ये नेमकं उलट, त्यामुळे पोलिश केलेला माणूस इथे हमखास फसतो. त्यात रूप निवडणारं अँड्रॉइडचं नेहमीचं फंक्शन पूर्णांकच घेतं, म्हणजे मेनीत टाकलेलं सूबोरोव कधी वापरलंच जात नाही आणि अदरमध्ये टाकलेलं दशांशाचं रूप येऊन स्क्रीनवर '५ सूबोरू' झळकतं. दोन्ही रूपांची अदलाबदल केली की काम झालं.

गेटटेक्स्ट या भाषांतराच्या दुसऱ्या प्रणालीत रूपांना नावं नसतात, क्रमांक असतात, आणि कोणता क्रमांक कोणाचा हे फाइलचा हेडर (सुरुवातीचा माहितीचा भाग) ठरवतो. बहुतेक ठिकाणी ० म्हणजे एकवचन. गनोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या स्लोव्हाक फाइलींत मात्र ० वर पाच आणि पुढच्यांचं रूप, १ वर एकवचन, २ वर दोन ते चारचं रूप असा क्रम दिसतो. दोन्ही चालतात. बिघडतं ते एका प्रकारच्या फाइलमधल्या ओळी दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये चिकटवल्यावर. चिकटवण्याआधी दोन्ही हेडर ताडून घ्या.

आकडा आणि नाम वेगळं काढून उरलेलं वाक्य कायम ठेवू नका. 'फाइल काढून टाकली' या अर्थाच्या वाक्यात क्रियापदही बदलतं: एकाला बोल, दोन ते चारला बोली, पाचाला बोलो (हिंदी नव्हे!). त्यामुळे पूर्ण वाक्यच तिन्ही रूपांत द्या. 'इतक्या फाइली, इतके फोल्डर' असे दोन आकडे एकाच वाक्यात असतील, तर वाक्य तोडून दोन करा. गेटटेक्स्टच्या एका नोंदीत एकाच आकड्यावरून रूप निवडलं जातं.

दिवसांची रूपं तपासताना डोळ्यांत तेल घाला. २ द्नि आणि ५ द्नी यांत फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा, स्लोव्हाक लिपीत अक्षरावरच्या एका तिरक्या रेघेचा. तपासायला ०, १, २, ४, ५, २१, २२ आणि दशांश चालत असेल तर १,५ एवढे आकडे पुरतात.