धुळ्यातल्या देवपूरच्या फ्लॅटमधून ट्रम्पेटचा रियाज: नव्यांसाठी

ट्रम्पेट घरी आणला त्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी बेल वाजवली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. ते ओरडले नाहीत, "आई आजारी आहे रे," एवढंच म्हणाले. मला तेव्हा राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं. निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. मोकळा फुंकलेला ट्रम्पेट जवळून सहज ९०च्या वर जातो. 'दिवसाच वाजवतो ना' म्हणून वाद घालू नका. भिंतीला अंड्यांचे ट्रेसुद्धा चिकटवू नका. त्यांनी खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, शेजारी जाणारा आवाज थांबत नाही.

मी मग आवाज दाबणारा प्रॅक्टिस म्यूट मागवला आणि तिथेच फसलो. हे नीट वाचा, कारण प्रत्येक नव्या पोराला हाच रस्ता सोपा वाटतो. म्यूट भोंग्यात बुचासारखा बसतो आणि हवा बारीक छिद्रांतून कशीबशी निघते. फुंक मागे रेटली जाते, म्हणून ओठांना आयता टेकू मिळतो. शिवाय सूर चढतो, खालचे सूर तर जास्तच. मग आपण नकळत ओठ सैल सोडून तो खाली ओढायला लागतो. खोलीत हे कळत नाही, उलट गोड वाटतं. मी चार महिने फक्त असंच वाजवलं. नंतर एका बँडच्या गाळ्यात मास्तरांनी म्यूट काढायला लावला. सूर उतरलेला, वरचा सा फाटला, ओळ अर्ध्यात असताना दम संपला. मास्तर म्हणाले, "बेटा, तुझे ओठ काठी शोधतायत." पुढचे दोन महिने मी लांब सूर सोडून काही वाजवलं नाही. त्या दिवसांत बाजा विकावासाही वाटला.

म्हणून म्यूट फक्त बोटं बसवायला, पंधरा-वीस मिनिटं. मोकळा रियाज आठवड्यातून तीनदा तरी हवाच. जमेल, घाबरू नका, जागा सापडतात.

पांझरेच्या काठी दोन्ही बाजूंना वस्ती आहे, तिथे नको. लळिंगच्या कुरणातही नको, ते जनावरांचं घर आहे. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत तर विचारही करू नका. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून घरांपासून अडीचशे-तीनशे मीटर तरी लांब जा.

मी नकाणे तलावाकडच्या एका मळ्यात जायला लागलो. मालकांना आधी विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, बिनधास वाजाड, पन धार काढाना टाईमले नको." रानात आवाज परत येत नाही, त्यामुळे माणूस जास्त जोर लावतो आणि ओठ सुजतात. विहिरीजवळच्या खोलीच्या भिंतीकडे तोंड करून पाच-सहा फुटांवर उभे राहा, आपला सूर आपल्याला ऐकू येतो. डिसेंबरच्या पहाटे बाजा गार असतो आणि सूर उतरलेला लागतो. आधी नुसती ऊन फुंक आत सोडा, मग स्वतःला नावं ठेवा. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत आटपा.

बंद गाडीत वाजवणारेही भेटतील. एवढ्याशा जागेत तो आवाज तुमच्याच कानांवर आदळतो. कान गेले तर सूर कशाने धरणार?

सगळ्यात चांगली जागा बँडवाल्यांचा गाळा. चातुर्मासात लग्नं नसतात, बाजे खुंटीला टांगलेले असतात आणि मास्तरांना वेळ असतो. मोबाइलवरच्या धड्यांपेक्षा त्यांच्या शेजारी बसून काढलेला एक तास मला जास्त देऊन गेला. 'वरातीत वाजवणारे काय शिकवणार' असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. चार-चार तास उभ्याने फुंकणारा माणूस दम कसा राखायचा ते जाणतो. जाताना चहाचं सामान न्या, गाळा झाडून द्या, फीचं आपणहून विचारा. आषाढी झाली की लगेच जा, कार्तिकी एकादशीनंतर तारखा लागल्या की कोणालाच उसंत नसते.