कार्बोरेटर की एफआय? जुनी बाइक घेताना या चुका टाळा

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या बाइकमधून कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा यांत्रिक भाग, जवळपास हद्दपार झाला. त्याची जागा एफआयने, म्हणजे सेन्सर आणि पंपाच्या मदतीने पेट्रोल फवारणाऱ्या फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्यामुळे हा प्रश्न आता मुख्यतः जुनी गाडी घेणाऱ्यालाच पडतो, आणि तो बहुतेक वेळा ऐकीव गोष्टींवर निर्णय घेतो. 'एफआय बिघडली तर गावात कोण दुरुस्त करणार?' या एका भीतीपायी लोक चांगल्या गाड्या सोडतात.

त्याहून वाईट म्हणजे चालू एफआय काढून कार्बोरेटर बसवणं. ओळखीतल्या एका मुलाची गाडी पावसात मध्येच बंद पडायची. गॅरेजवाल्याने 'सेन्सर गेला' म्हणून सांगितलं आणि कुठून तरी आणलेला कार्बोरेटर चढवला. टाकीतला पंप मात्र तसाच ठेवला. एफआयचा पंप साधारण ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो. कार्बोरेटरला तर टाकीतून आपोआप उतरणारं पेट्रोल पुरतं. तो दाब आत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईला कसा पेलणार? ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गरम इंजिनवर गळू लागलं. गाडीने पेट घेतला नाही, हे नशीब. शेवटी मूळ दोष सापडला तो बॅटरीच्या सैल, गंजलेल्या अर्थिंगमध्ये. पाना आणि पॉलिश पेपर एवढ्यावर भागणारं काम होतं ते. एफआयची गाडी अडली की मी आधी बॅटरीचे व्होल्ट, मग टर्मिनल, मग फ्यूज बघतो. घाईने पार्ट बदलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

कार्बोरेटरच्या गाडीत तोच उतावीळपणा जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, तार घालताना दिसतो. पायलट जेटचं भोक केसासारखं बारीक असतं. ते जरा मोठं झालं की ॲव्हरेज पडलं, प्लग काळा झाला, आणि मग दोष मात्र कार्बोरेटरला. जेट सोडवून क्लीनर मारा, हवा मारा, तरीही भागलं नाही तर नवा घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये (खालच्या वाटीत) पेट्रोल साचून चिकटा धरत नाही.

लडाखला जायचंय म्हणून कार्बोरेटर घेऊ नका. उंचीवर हवा विरळ, मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), पिकअप गायब. एफआय ते बऱ्याच अंशी स्वतःच सांभाळते.

एफआयच्या गाडीत पेट्रोल कायम टाकीच्या तळाला ठेवू नका, आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

रोजच्या वापराला मी एफआयच घ्यायला सांगतो. स्वतः पाना धरणार असाल तरच कार्बोरेटर.

बघायला जाल तेव्हा चावी फिरवा. एफआय असेल तर पंपाची क्षणभर घूं ऐकू यायला हवी. इंजिनचा दिवा आधी लागून मग विझायला हवा. मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो काढलेला असू शकतो. आणि सगळ्यात आधी इंजिनला हात लावा. गरम इंजिन सहज सुरू होतं, स्टार्टिंगचा दोष थंड असतानाच कळतो. म्हणून गरम लागलं तर 'उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका' म्हणून सांगा.