कॉर्डलेस ड्रिल-ड्रायव्हर निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

ड्रिल घेताना नजर आधी व्होल्टच्या आकड्यावर जाते, पण हात भरून येतो तो वजनाने. घरात ड्रिल कधी डोक्याच्या वर धरावं लागतं, कधी कपाटाच्या कोपऱ्यात एका हाताने चालवावं लागतं. तिथे अर्ध्या किलोचा फरकही चांगलाच जाणवतो.

जास्त व्होल्ट म्हणजे जास्त चांगलं, असं समजणं

बिजागऱ्या, पडद्याचे ब्रॅकेट, फर्निचरची जोडणी आणि लाकडात 8-10 मिमीपर्यंतची भोकं एवढंच काम असेल, तर 12 व्होल्टचं मशीन पुरतं. बॅटरीसह ते साधारण 1 किलोचं असतं, 18 व्होल्टचं दीड ते दोन किलोंपर्यंत जातं. खोक्यावरच्या '20 व्होल्ट मॅक्स'ला भुलू नका. आत 3.6 व्होल्टचे तेच पाच सेल असतात, म्हणजे 18 व्होल्ट. 20 हा बॅटरी पूर्ण चार्ज असताना, लोड नसतानाचा आकडा आहे.

बॅटरीचंही तसंच. 5 अँपिअर-तासाची (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) एक जड बॅटरी घेण्यापेक्षा 2 अँपिअर-तासाच्या दोन घ्या. एक चार्ज होईपर्यंत दुसरी चालते आणि मनगटही वाचतं.

बॅटरी न लावता मशीन हातात घेऊन पाहणं

तोल बॅटरी लावल्यावरच कळतो. मशीन भिंतीकडे रोखून अर्धा मिनिट धरा. तोंड खाली झुकत असेल तर मनगट सतत ताणलेलं राहील. पकड न सोडता अंगठ्याने दिशेचं बटण बदलता आलं पाहिजे आणि ट्रिगर हलका दाबल्यावर चक (बिट, म्हणजे पुढचं बदलता येणारं टोक, पकडणारा भाग) अगदी सावकाश फिरायला लागला पाहिजे. ट्रिगर दाबताच मशीन झटक्याने सुरू होत असेल तर ते घेऊ नका, कारण प्रत्येक स्क्रूची सुरुवात बिघडेल.

काँक्रीटसाठी भलतं मशीन

साध्या ड्रिलने काँक्रीटमध्ये भोक पडत नाही, फक्त बिट तापतो. विटांच्या भिंतीला हॅमर मोड (फिरता फिरता ठोकेही देणारी सोय) पुरतो. काँक्रीटमध्ये वरचेवर भोकं पाडायची असतील तर एसडीएस बिटचं (दांड्याला खाचा असलेला, सरळ ढकलून बसवायचा बिट) रोटरी हॅमर, म्हणजे जोरदार ठोके देणारं मशीन, वेगळं घ्या.

स्क्रूचा माथा खराब होतो

ही सर्वांत जास्त येणारी अडचण, आणि दोष बहुधा बिटचा असतो. फिलिप्स आणि पोझी या दोन्ही खाचा फुलीसारख्याच दिसतात. पोझीच्या माथ्यावर मुख्य फुलीच्या मधे चार बारीक रेषा असतात. तिथे पीएच2 (फिलिप्स) नव्हे, पीझेड2 (पोझी) बिट लागतो. मग गिअर 1 वर (कमी वेग, जास्त ताकद) ठेवा, क्लच (चकमागची आकड्यांची रिंग) 4-5 पासून सुरू करून एकेक आकडा वाढवा आणि जोर स्क्रूच्या सरळ रेषेत द्या. क्लचची कटकट ऐकून घाबरू नका. ठरवलेला जोर पूर्ण झाला की तो सुटतो, त्यासाठीच तो असतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरला (ठोके देत स्क्रू आवळणाऱ्या मशीनला) असा क्लच नसतो, त्यामुळे पार्टिकल बोर्डमध्ये त्याने स्क्रू जास्त आवळला जाऊन आतले आटे निघून जातात.

लाकूड फाटत असेल तर आधी बारीक भोक पाडा: 4 मिमीच्या स्क्रूला मऊ लाकडात 2.5 मिमी, कठीण लाकडात 3 मिमी.

बिट डगमगतो किंवा धूर येतो

बारीक बिट बऱ्याचदा चकच्या तीनऐवजी दोनच जबड्यांत अडकतो. चक उघडून तो मधोमध बसवा. धूर आला तर आधी दिशा तपासा. ड्रिल उलटं फिरत असलं की बिट कापत नाही, नुसता घासतो. दिशा बरोबर असेल तर बिट बोथट झालाय.

जोर देताना मशीन मधेच बंद पडलं तर पुन्हा पुन्हा ट्रिगर दाबू नका. अतिभारापासून बचाव म्हणून ते थांबलेलं असतं. पूर्ण थांबवून गिअर 1 वर आणा (फिरत असताना गिअर बदलला तर दाते खराब होतात) आणि बिट मागेपुढे करत भुसा बाहेर काढा. बॅटरी गरम असेल तर लगेच चार्जरवर लावू नका, आधी गार होऊ द्या. महिनोन् महिने ठेवून द्यायची असेल तर साधारण अर्धी चार्ज करून, मशीनमधून काढून, उन्हापासून दूर ठेवा.